रिकाम्या जागा भरा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्या पहिल्या शनिवारी मी प्रश्नपेटी उघडली. पेटी म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकणाला छन्नीनं पाडलेली चीर आणि सायकलच्या दुकानातून आणलेलं बोटभर कुलूप. पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीला तो टांगला आहे, म्हणजे तिकडं गेलेलं पोर पाणी प्यायला गेलं की चिठ्ठी टाकायला, हे कुणाला कळू नये. ऑगस्टमध्ये ग्रामीण रुग्णालयातल्या, वयात येणाऱ्या मुला-मुलींसाठीच्या मैत्री क्लिनिकच्या समुपदेशक ताई शाळेत येऊन गेल्या, तेव्हा ही पेटी त्यांनीच सुचवली होती. नाव लिहायला लावायचं नाही, अक्षर ओळखायला जायचं नाही आणि दर शनिवारी उघडायचीच, असं त्यांनी मला बजावलं होतं. पहिले काही शनिवार मी उघडली. मग चाचणी परीक्षा आली, मतदार यादीचं काम आलं, दसरा आला, सुट्टी लागली. आता उघडली तर आत सात चिठ्ठ्या होत्या.

सहा चिठ्ठ्यांची उत्तरं मी उभ्या उभ्याच मनात देऊन टाकली. चेहऱ्यावरचे मुरूम, मुलीशी बोललं की पोरं का चिडवतात, पाळीत पोट दुखत असलं तर शाळेत यावं का, असं. सातवी चिठ्ठी चौकटीच्या वहीचा कोपरा फाडून केलेली होती. घडी घालून घालून शेंगदाण्याएवढी केलेली. उलगडायला नख लागलं. अक्षर शिसपेन्सिलीचं, डाव्या हातानं मुद्दाम काढल्यासारखं. ‘सर छातीला एका बाजूनं गाठ आली. दुखती. सदऱ्यातून दिसती. मी पोरगी व्हायलोय का. कुनाला सांगू नका.’

ह्याचं उत्तर मला पाठ होतं. वयात येताना मुलांच्या शरीरात पुरुषी आणि स्त्रैण दोन्ही प्रकारची संप्रेरकं असतात, मधल्या काही महिन्यांत त्यांचं आपापसातलं प्रमाण हलतं आणि बोंडीखाली बोराएवढी दुखरी गाठ येते. कधी एका बाजूला, कधी दोन्ही. बारा ते चौदा या वयात जवळपास निम्म्या मुलांना कमी-जास्त हे होतं, आणि बहुतेकांचं सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या आत आपोआप जिरतं. औषध लागत नाही. फार वाढली किंवा दोन वर्षांनी गेली नाही तर डॉक्टरला दाखवायचं. सांगायला दोन मिनिटं पुरतात. सोमवारी आठवीच्या वर्गात गेलो आणि फळ्याकडं वळण्याआधी बाकांवरून नजर फिरवली. नववीतही तेच केलं. दोन्ही वर्गांत मिळून एकसष्ट नावं, त्यातली तेवीस पोरं आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. दरवर्षी जातात. खिडकीकडची रांग तर दात पडल्यासारखी दिसत होती.

सहा आठवडे डब्याला कुलूप होतं.

चिठ्ठी कधी पडली असेल याचा हिशेब मी पुन्हा पुन्हा केला. दसऱ्याआधी पडली असेल, तर टाकणारा आता सांगलीकडं किंवा कर्नाटकात कुठल्या तरी फडाशेजारी कोपीत असेल. पहाटे वाढं बांधत असेल. तिथं अंघोळ उघड्यावर, मोटारीच्या पाण्याखाली, सगळ्यांच्या देखत. सदरा न काढायला तो काय कारण सांगत असेल? सप्टेंबरमध्ये कबड्डीच्या वेळी एक पोरगा शर्टाच्या आत दोन बनियनं घालून आला होता हे मला आठवलं. मग दुसरा एक, जो प्रार्थनेला हात जोडायच्या ऐवजी छातीशी घट्ट बांधून उभा राहायचा, तो आठवला. मग मी आठवायचं थांबवलं, कारण आठवणीत आलेला प्रत्येक पोरगा तोच वाटायला लागला. रात्री झोप येईना. मोबाइलवर वाचत बसलो, आणि त्या वाचनातून मी अजून नीटसा बाहेर आलेलो नाही.

माझ्या स्वतःच्या चौदाव्या वर्षी असा डबा नव्हता. एसटी स्टँडची भिंत होती. चुन्याच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं असायचं: गुप्तरोग, धातू जाणे, हस्तदोष, स्वप्नदोष, भेटा अमुक लॉजवर दर गुरुवारी. मी वाचलेलं या विषयावरचं हे पहिलं वाङ्मय. सकाळी उठल्यावर पांघरूण ओलं दिसलं की मला ती भिंत आठवायची. शब्दातच दोष होता. झोपेत झालेली गोष्ट, जिच्यावर माझा ताबा नाही, तिचा दोष माझ्या माथी. वयात येणाऱ्या बहुतेक मुलांच्या शरीरात जे आपोआप होतं, त्याला आपल्या भाषेनं हे नाव का दिलं असेल? बाजाराच्या दिवशी स्टँडसमोर पाल टाकून एक वैदू बसायचा, काचेच्या बरण्यांत मुळ्या आणि खडे मांडून. एक थेंब वीर्याला चाळीस थेंब रक्त लागतं, असं तो ओरडून सांगायचा. कंपासपेटी घ्यायला वडिलांनी दिलेले पैसे मी त्याला दिले आणि कागदाच्या पुडीतली राखाडी पूड तीन आठवडे दुधातून घेतली. आईला सांगितलं, पोट साफ होत नाही. त्या पुडीची तुरट, मातकट चव अजून कधी कधी जिभेच्या मुळाशी येते. ह्या भीतीला वैद्यकशास्त्रानं नाव देऊन ठेवलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. १९६० साली नरेंद्र विग या मनोविकारतज्ज्ञांनी तिला ‘धात सिंड्रोम’ म्हटलं. अशक्तपणा, धडधड, थकवा, आणि सगळ्याचं कारण म्हणजे धातू जातोय, अशी पक्की समजूत. म्हणजे आजार धातूत नव्हता, समजुतीत होता. आणि ती समजूत आम्हाला भिंतीनं शिकवली, कारण दुसरं कुणी काही शिकवतच नव्हतं.

दहावीला आमच्या सरांनी प्रजननाचा धडा उघडला, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, हा घरी वाचा. मुली माना खाली घालून बसल्या होत्या. पंख्याचा आवाज येत होता. पुढं मी स्वतः विज्ञानाचा शिक्षक झालो आणि कितीतरी वर्षं तेच केलं. परीक्षेत त्या धड्यावर मी एकच प्रश्न काढायचो, रिकाम्या जागा भरा. मासिक चक्र साधारण डॅश दिवसांचे असते. अठ्ठावीस. एक गुण. पोरांना अठ्ठावीस यायचं. मात्र पहिल्या एक-दोन वर्षांत ते अठ्ठावीस कधी पंचेचाळीस होतं, कधी मधेच एखादा महिना गळतो आणि बहुतेकींच्या बाबतीत त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे मी एकाही मुलीला सांगितलं नाही. २००५ च्या सुमारास केंद्रानं शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. २००७ मध्ये आपल्या राज्यासह अनेक राज्यांनी तो थांबवला. संस्कृतीवरून, चित्रांच्या तक्त्यांवरून बराच गदारोळ झाला. खरं सांगायचं तर मला तेव्हा हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं आज मला टोचतं.

आक्काचं मात्र वेगळं होतं. तिच्या बाबतीत सगळ्यांना सगळं माहीत होतं.

आक्का दुष्काळातली. आमच्याकडं जन्मसाल असंच सांगतात. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायच्या कामावर होती, आणि आक्का पोटात असताना तिनं सुकडीवर दिवस काढले. मी सात वर्षांचा असेन, एक दिवस आक्का ओसरीच्या टोकाला गोणपाटावर बसलेली दिसली. जवळ जायला लागलो तर आजीनं दंडाला धरून मागं ओढलं. म्हणाली, शिवू नको, तिला कावळा शिवलाय. मी दुपारभर पत्र्यावर, लिंबावर, उकिरड्यावर तो कावळा शोधत फिरलो. मला त्याला दगड मारायचा होता. संध्याकाळपर्यंत आळीतल्या सगळ्या बायका येऊन आक्काला बघून गेल्या. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, एकीनं उंची बघितली. ‘पदर आला पोरीला,’ असं म्हणाल्या. आक्का तेरा वर्षांची होती. आठवीची शाळा शेजारच्या गावात, तीन किलोमीटर चालत. ती शाळा त्या वर्षीच सुटली. दोन वर्षांनी तिला उजवली.

परवा रात्री वाचता वाचता मी एका तारखेपाशी अडकलो. न्यूझीलंडमध्ये डनेडिन नावाचं शहर आहे. तिथं एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या वर्षभरात जन्मलेल्या १,०३७ मुलांना संशोधकांनी निवडलं आणि आजवर सोडलेलं नाही. तिसऱ्या वर्षी, पाचव्या, सातव्या, नवव्या, अकराव्या, तेराव्या, पंधराव्या, असं करत थेट पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांना बोलावत राहिले. दात बघितले, रक्त बघितलं, झोप कशी लागते विचारलं, कुणाशी पटत नाही विचारलं. मुलींना पाळी कधी आली, विचारलं. आमची आक्का नेमकी त्या वर्षातली. ती गोणपाटावर बसली होती, त्याच सुमारास पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला तिच्याच वयाची एखादी मुलगी खुर्चीत बसून कुणाला तरी सांगत होती की तिला सध्या कसं वाटतंय. हे वाचल्यावर मी उठून अंगणात आलो. थंडी पडली होती. कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरवर गाणं चालू होतं.

त्या डनेडिनच्या मुलींवरचा १९९३ चा एक अभ्यास आहे. पाळी लवकर आलेल्या मुली पुढं अडचणीत येतात, असा तोवर सर्वसाधारण समज होता. संशोधकांना दिसलं ते असं, की मुलं-मुली एकत्र असलेल्या शाळांमध्ये ते बऱ्यापैकी खरं होतं, पण फक्त मुलींच्या शाळांमध्ये त्या लवकर वाढलेल्या मुलींचं तसं काही फारसं होत नव्हतं. शरीराचं घड्याळ दोन्हीकडं सारखंच, भोवतालची नजर वेगळी. यावरून मुलींना वेगळं ठेवा, घरात ठेवा, असा अर्थ काढणारे आपल्याकडं पुष्कळ भेटतील, आणि आमच्या गावानं तर कुठलाही अभ्यास न वाचता तो कधीच काढून ठेवला आहे. मला त्यातून दुसरं दिसतं. वयात येणं हे शरीरातलं काम आहे, पण त्याचं ओझं होतं की नाही, हे बघणारे ठरवतात. आक्काला ओझं आळीनं दिलं. ज्यानं चिठ्ठी लिहिली त्याला ते कुणी दिलं असेल? सदऱ्यातून दिसती, असं तो लिहितो. दुखती हा एक शब्द, आणि दिसती हा दुसरा. दोन्हींत जड कुठला, हे त्याचं त्यालाच माहीत.

शरीराच्या घड्याळाबद्दल आपण आज जे ठामपणे सांगतो, त्यातलं पुष्कळसं लंडनच्या उत्तरेला हार्पेनडेन इथल्या एका बालगृहातून आलेलं आहे. १९४८ पासून जेम्स टॅनर आणि रेजिनाल्ड व्हाइटहाउस तिथल्या मुलांची वर्षानुवर्षं मोजमापं घेत गेले. त्यावरून १९६९ साली १९२ मुलींबद्दल आणि १९७० साली २२८ मुलांबद्दल मार्शल आणि टॅनर यांचे लेख आले, आणि वयात येण्याच्या पाच पायऱ्या जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी बसल्या. आई-बापाविना वाढणाऱ्या त्या मुलांना कुणी त्यांच्या मनाचं विचारलं होतं का, हे वाचताना राहून राहून मनात येतं, आणि मग त्या आकड्यांपुढं मोकळेपणानं कृतज्ञ होता येत नाही. तरी एक गोष्ट त्या मुलांनी आपल्याला दिली. एखाद्या मुलाचं वयात येणं साडेनऊला सुरू होतं, एखाद्याचं साडेतेराला. एखाद्याचं तेराव्या वर्षी आटोपतं, एखाद्याचं सतराव्या. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या चौदा वर्षांच्या दोघांपैकी एक दाढीला ब्लेड लावायला लागलेला आणि दुसरा अजून पोरसवदा, आणि दोघंही अगदी व्यवस्थित. हे मी यंदा पहिल्यांदा फळ्यावर रेघ काढून दाखवलं. साडेनऊपासून सतरापर्यंतची लांब आडवी रेघ. वर्गात सगळ्यात बुटका असलेला पोरगा त्या रेघेकडं इतका वेळ बघत राहिला, की मी ती तास संपल्यावरही पुसली नाही.

मुलींच्या बाबतीत तर पहिली पाळी म्हणजे तयार झाली, ही समजूत मुळातच उलटी आहे. उंची झपाट्यानं वाढून तो वेग ओसरायला लागतो, तेव्हा पाळी येते, म्हणून ती मोठी झाल्यासारखी दिसते. पण कंबरेचा हाडांचा सांगाडा, जिथून बाळाला वाट काढायची असते, तो उंची थांबल्यानंतरही कितीतरी काळ रुंदावत असतो. वरून घर बांधून झालेलं दिसतं, आतलं काम चालू असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या ज्या बायकांना विचारलं, त्यातल्या राज्यभरात २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये ४३.७ टक्के. आमच्या परभणीत ४८. ऊसतोडीच्या कोयत्यासाठी नवरा-बायकोची जोडी लागते, जोडीवर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते, पोरगी एकटी घरी ठेवून जायचं तर जीव थाऱ्यावर राहत नाही. ह्या सगळ्या कारणांतलं एकही कारण खोटं नाही. आठवीच्या हजेरीपत्रकात दरवर्षी एक-दोन मुलींच्या नावापुढं लाल रेघ येते, आणि आम्ही शिक्षक ती ओढताना एकमेकांकडं बघत नाही.

पाचोड आम्हाला मोसंबीच्या बाजारासाठी माहीत. पैठण तालुक्यातल्या त्याच पाचोडला आरोग्य व्यवस्थापनाची एक संस्था आहे आणि तिनं गेल्या शतकाच्या शेवटी आसपासच्या खेड्यांमधल्या लग्न न झालेल्या मुलींसाठी एक साधं काम केलं, हे मला इतक्या जवळ राहून माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बाईनं घ्यायचा. शरीर, आहार, पाळी, कायदा, बँकेत पैसे कसे भरतात, ग्रामपंचायतीत कुणाला काय विचारायचं. सुरू करण्याआधी आई-बापांशी बोलले, त्यांना काय वाटतं ते ऐकलं. आणि मोजलं. जिथं हे वर्ग चालले तिथं मुलींच्या लग्नाचं मध्यावरचं वय सोळावरून सतरावर गेलं. शेजारच्या, जिथं वर्ग नव्हते त्या गावांमध्ये तसं हललं नाही. एकच वर्ष, असं पहिल्यांदा वाचताना मला वाटलं. मग आक्का आठवली. आक्काला एक वर्ष जास्त मिळालं असतं तर तिनं काय केलं असतं, याचा विचार करत मी बराच वेळ बसलो. विहिरीत पोहली असती. तिला पोहायला फार आवडायचं. कावळा शिवल्यापासून तेही बंद झालं होतं.

या वाचनात एक वळण सापडलं, ते मला फार मोलाचं वाटतं. कितीतरी दशकं या विषयावरचं संशोधन म्हणजे धोक्यांचा हिशेब होता. किती मुलींना नको ते गरोदरपण आलं, किती जणांना आजार झाले, कुणाचं पाऊल कुठल्या वयात घसरलं. २०११ साली डेबोरा टोलमन आणि सारा मॅक्लेलंड या दोघींनी मागच्या दशकातल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना बदल दिसला. किशोरवयातली लैंगिकता ही वाढीतलीच एक स्वाभाविक गोष्ट आहे, चालायला-बोलायला लागण्यासारखी, आणि तिच्यात निरोगी काय असतं हे विचारायला हवं, असं मानणारं संशोधन उभं राहत होतं. स्वतःच्या शरीराबद्दल बरं वाटणं, नाही म्हणता येणं, दुसऱ्याचं नाही ऐकता येणं, लाज न वाटता प्रश्न विचारता येणं. जागतिक आरोग्य संघटना लैंगिक आरोग्य म्हणजे फक्त आजार नसणं नव्हे, शरीर, मन आणि समाज या सगळ्यांत बरं असणं, असं म्हणते, ते ह्याच अर्थानं. आणि शाळेत हे शिकवलं की पोरं बिघडतात, ही जी आमच्या पालक सभेतली पहिली शंका असते, तिचं उत्तरही आलेलं आहे. युनेस्कोनं जगभरचे अभ्यास पुन्हा पुन्हा तपासले, २००९ मध्ये आणि २०१८ मध्ये. शिकवल्यामुळं मुलं लवकर त्या वाटेला जातात असं काही आढळलं नाही. मी हे पालक सभेत सांगितलं. एक आजोबा म्हणाले, ‘मास्तर, पोरीला भ्याव पाहिजे.’ त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, काळजी होती. मला पटकन काही बोलता आलं नाही.

वास्तविक प्रश्नाला उत्तर देणं हे काम मराठीत नवं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून आपल्या मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं देत होते, पदरचे पैसे घालून, आणि १९३४ मध्ये त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर खटला झाला. कोर्टात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आमच्या गावात बाबासाहेबांची जयंती केवढ्या थाटात होते. ज्या वकिलानं प्रश्न विचारणाऱ्याचा आणि उत्तर देणाऱ्याचा हक्क कोर्टात मांडला, त्याची ती गोष्ट मी यंदाच्या एप्रिलमध्ये पोरांना सांगणार आहे. कर्वे तो खटला हरले. पुढंही जवळजवळ वीस वर्षं मासिक काढत राहिले.

मी उत्तर वर्गात दिलं. आठवीत दिलं, नववीत दिलं. मुला-मुलींसमोर, सरळ शब्दांत, चिठ्ठीचा उल्लेख न करता, वयात येताना काय काय होतं त्याच्या ओघात. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा एक जण जरा सैल होऊन बसला, असं मला वाटलं, पण वाटणं आणि असणं यात फरक आहे. बाहेर आल्यावर त्या तेवीस रिकाम्या जागा डोळ्यांपुढून हलेनात. शेवटी मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून काढलं: गाठ का येते, किती जणांना येते, किती दिवसांत जाते, कधी दाखवायचं, मैत्री क्लिनिक कुठं आहे, आणि शेवटी, यानं मुलगा मुलगी होत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो कागद मुलांच्या संडासाच्या दाराला आतून चिकटवला. आतून कडी लावल्यावर समोर येईल असा. तिथं माणूस एकटा असतो. मॅडमनी मुलींच्या बाजूला पाळीच्या पहिल्या वर्षांबद्दल लावला. शिपाई मामांनी विचारलं, सर हे काय? मी म्हणालो, उत्तर आहे, फाडू नका. त्यांनी मान डोलावली आणि वरून आणखी एक चिकटपट्टी लावून दिली.

भोगीला आक्काकडं गेलो होतो. ती चुलीपुढं बाजरीच्या भाकरी थापत होती, वरून तीळ लावत होती. खेंगटाचा वास घरभर भरला होता. दुसरं बोलायला काही नव्हतं म्हणून की काय, मी तिला त्या चिठ्ठीचं सांगितलं. आक्काला विसाव्या वर्षापर्यंत तीन लेकरं झाली. तेहतिसाव्या वर्षी, अंगावरून पांढरं जातं म्हणून तालुक्याला एका दवाखान्यात दाखवलं, तर तिथं कॅन्सर होईल असं सांगून गर्भाशय काढून टाकलं. तिच्या गल्लीत तसं झालेल्या आणखी तिघी आहेत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा वर्तमानपत्रात वाचला त्या दिवशी मी तिला फोन केला होता, आणि मग बोललो ते सोयाबीनच्या भावाबद्दल.

चिठ्ठीचं ऐकून ती म्हणाली, ‘कुणाचं लेकरू हाय?’

‘माहीत नाही.’

‘मग कुणाला सांगितलंस?’

मी दाराला लावलेल्या कागदाचं सांगितलं. ती काही बोलली नाही. भाकरी उलटली, पाण्याचा हात फिरवला, विस्तवाशी टेकवून उभी केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘एक इचारू का रे? पिशवी काढल्यावर ती जागा तशीच रिकामी राहती का?’

मी म्हणालो, नाही आक्का. आतडी आपोआप खाली सरकतात, थोडीशी, आणि जागा भरून घेतात. आत रिकामं काही राहत नाही.

‘मला वाटायचं वारं भरतंय,’ ती म्हणाली. ‘वाकलं की पोटात वाजतं, तवा मला वाटायचं तेच वाजतंय.’

पिठाचा हात तिनं ओटीपोटावर ठेवला, जरासा दाबून पाहिला. लुगड्यावर पाच बोटं पांढरी उमटली. मग परातीतला पुढचा गोळा घेतला आणि थापायला लागली.

कारखाने अजून चालू आहेत. तेवीसातलं एकही पोर परतलेलं नाही. शनिवारी मी डबा उघडतो, कुलपात तेलाचा थेंब सोडतो, आणि जाता जाता दाराचा कागद जागेवर आहे ना, बघून येतो.